कागदावरचे मित्र

वसमतच्या कोर्टात मी टंकलेखक होते आणि राहायला औंढ्याला, देवळामागच्या गल्लीत. वडील देवळाच्या सेवेत, भाऊ तहसीलमध्ये, आणि मी रोज एस.टी.नं जाणारी-येणारी. खिडकीची जागा मिळाली की मी गेलेच समजा. माळ, बांध, पळसाची झाडं, दूर कुणाचीतरी बैलगाडी, सगळं डोळ्यांपुढून सरकत राहायचं आणि मी त्यात कुठेतरी उतरून चालायला लागायचे. वसमत आलं की कंडक्टर हाक मारायचा. झोपलेली नसायचेच मी, पण त्याला तसं वाटायचं आणि समजावून सांगण्याइतका वेळ नसायचा. आई म्हणायची, हिला तांदूळ निवडायला दिले तर खडे पातेल्यात जातील आणि तांदूळ अंगणात.

स्वप्नाळू माणूस मऊ असतो, असा लोकांचा एक गैरसमज आहे. मी चांगली तुसडी आहे. कोर्टात वकील मंडळी माझ्या टेबलाजवळ जरा जपूनच उभी राहायची. बोटं मशीनवर, जीभ धारेवर आणि मन तिसरीकडेच, असा माझा संसार होता.

नव्वदीच्या मधल्या कुठल्यातरी वर्षी मी एक निकाल टाइप केला. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. कुरुंद्याच्या पलीकडच्या एका तांड्यावरच्या माणसानं वेडाच्या भरात आपल्या मोठ्या भावाच्या गोठ्याला आग लावली होती. मोठा भाऊ बैल सोडवायला आत शिरला आणि बाहेर आलाच नाही. निकाल असा होता की, आग याच्याच हातून लागली, पण त्या वेळी हा भानावर नव्हता म्हणून गुन्हेगार नाही. तरी मोकळा सोडता येत नाही, म्हणून मनोरुग्णालयात ठेवावा. मी चार प्रती काढल्या. तो माणूस दाराशी पोलिसांच्या मध्ये उभा राहून छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. त्याच्याकडे पाहताना मला उगाच वाटलं की आम्ही दोघंच काय ते या खोलीत हजर नाही.

पुढे सात-आठ वर्षं गेली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला, मशीन जाऊन कॉम्प्युटर आला. मनोरुग्णालयाकडून मात्र दर सहा महिन्यांनी एक पत्र येत राहिलं. पत्र नेहमी तेच. रुग्ण बरा आहे, गोळ्या घेतो, कामात मदत करतो, घरी पाठवण्यास हरकत नाही; मात्र त्याची काळजी घेण्याची लेखी हमी देणारा कुणी नातेवाईक किंवा मित्र पुढे यावा. नातेवाईक म्हणजे एक म्हातारी माय, डोळ्यांना दिसेनासं झालेली, आणि एक भावजय, म्हणजे त्या जळून गेलेल्या भावाची बायको. कोण येणार? पत्र फायलीत जायचं. सहाव्या-सातव्या पत्राला मला राग यायला लागला. नेमका कुणाचा, ते कळेना, म्हणून मी सगळ्यांवर थोडाथोडा काढला.

कुरुंद्याचे एक रिटायर्ड कंपाउंडर काका जमिनीच्या तारखेला कोर्टात यायचे. अर्ध्या तालुक्याला सुया टोचलेला माणूस. त्यांच्यापुढे एकदा मी ते पत्र आदळलं आणि म्हणाले, बघा, माणूस बरा होऊन बसलाय आणि न्यायला कुणी नाही. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"नातेवाईक किंवा मित्र," ते म्हणाले. "मंग मित्र होऊ की आपण. त्यात काय अवघड हाय?"

अशी आमची पाचजणांची मैत्री कागदावर जमली. काका, मी, कुरुंद्याचे एक शिंपी, एक जुने मास्तर, आणि त्या तांड्याचा नायक. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. तो आला, कारण म्हातारी रोज सकाळी त्याच्या दारात येऊन बसायची. आम्ही जज्जसाहेबांपुढे उभं राहून लिहून दिलं की आम्ही या इसमाचे मित्र आहोत, याला गोळ्या वेळेवर देऊ, याच्या हातून कुणाला इजा होऊ देणार नाही. आमच्यापैकी चौघं त्याच्याशी आयुष्यात एक शब्दही बोललेले नव्हते.

तो परत आला तेव्हा केस पांढरे झालेले, आवाज इतका हळू की कान द्यावा लागायचा. काकांच्या घरामागच्या खोलीत त्याची सोय केली. त्याला घरी जायचं होतं. बाकी काहीच मागायचा नाही. माय तांड्यावर होती, दिवस मोजत होती, आणि मधे फक्त अडीच कोस वाट होती. पण नायकानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं: "तिचा धनी गेला ह्याच्या हातानं. ती व्हय म्हनंल तवाच तांड्यात पाय. ती न्हाई म्हनली, तर मी बी न्हाई." यावर कुणी वाद घातला नाही. तोही नाही.

आता मित्र म्हणवून घेतलं, तर काहीतरी करायला हवं. मनोरुग्णालयातल्या समाजसेविकेनं काकांना पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक पाठवलं. कोर्टाच्या वाटेनं दवाखान्यात गेलेली माणसं गावी परतली की त्यांच्यासाठी काही करणाऱ्या गावातल्या मंडळांना ही संस्था छोटं अनुदान देत होती. फॉर्म लांबलचक. एका रविवारी काकांच्या ओट्यावर आम्ही तो भरायला बसलो. मधे चहा दोनदा झाला. कोणता उपक्रम, या प्रश्नावर पाचही डोकी एकदम म्हणाली, हळद शिजवायची काईल. आमच्या भागात हळद निघाली की शिजवण्यासाठी काईल, म्हणजे ती भली मोठी लोखंडी कढई, भाड्यानं आणायची आणि नंबर लागेपर्यंत हळद उघड्यावर ठेवून देवाचा धावा करायचा. मंडळाची स्वतःची काईल असली तर शेतकऱ्यांची सोय आणि याला काम. हा तर पूर्वी घरोघर हळद शिजवत फिरायचा. नुसत्या वासावरून हळद शिजली की नाही ते सांगायचा, असं नायक म्हणाला.

मग एक रकाना आला: या उपक्रमात कोणते धोके संभवतात? आम्ही पुष्कळ विचार केला. मास्तर म्हणाले, अवकाळी पाऊस. शिंपी म्हणाले, रानडुकरं. मी सुवाच्य अक्षरात दोन्ही लिहिलं. खाली उपाय लिहिले: ताडपत्री, राखण. पाचजणांत एक कोर्टातली, एक मास्तर, एक दवाखान्यातला, आणि एकाच्याही मनात आलं नाही की आगीपायी आठ वर्षं कोंडलेल्या माणसाला आम्ही हातभर जाळापुढे बसवायला निघालो आहोत. हळद म्हटली की आम्हाला फक्त हळद दिसते. आणि पुण्याच्या माणसांना काईल म्हणजे काय हे ठाऊक नसावं. अनुदान मंजूर झालं.

ही चूक उघडकीला आली ती काईल चुलवणावर चढली तेव्हा. फेब्रुवारी संपत आलेला. तांड्याच्या कडेला, वस्तीबाहेर, नायकाच्या शेतात चर खोदून चुलवण केलेलं, काईल हळदीनं भरलेली, वर ओली गोणपाटं, खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि पाला रचलेला. मी खास दोन आठवड्यांची रजा काढून आले होते. नायकानं खिशातून आगपेटी काढली आणि सवयीनं समोरच्या माणसापुढे धरली. समोर तो होता.

त्यानं आगपेटीकडे पाहिलं आणि चार पावलं मागे गेला, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभं करतात तसा. तेवढ्यात मला बांधावर त्याची भावजय दिसली. शेजारचं वावर तिचंच. डोक्यावरून ओढणी, गुडघ्यांवर हात, आणि नजर सरळ त्याच्यावर. नायकानं काडी स्वतःच ओढली. मला त्या क्षणी त्या रकान्याची आठवण होऊन इतकी लाज वाटली की मी उगाचच पाला उचलायला गेले.

ती तीन दिवस तिथे बसून होती. सकाळी यायची, भाकरी तिथेच खायची, दिवस कलल्यावर उठायची. बोलत नव्हती, जवळ येत नव्हती. नायक एकदा पाणी घेऊन गेला तर घेतलं, पण तोंड तिकडेच. तो काईलीच्या या बाजूला गेला की तिची मान या बाजूला, त्या बाजूला गेला की त्या बाजूला. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. वाटायचं, किती हा डूख. माणूस आठ वर्षं भोगून आलाय, अजून किती बघशील त्याला?

तो मात्र कामाला लागला होता. जाळ नायक सारायचा, त्याला हात तो लावायचा नाही. बाकी सगळं त्याचं. गोणपाटं भिजवायची, पाण्याची पातळी बघायची, फेस आला की वास घ्यायचा. मग खराट्याचा एक हीर काढून गड्ड्यात टोचायचा. हीर अलगद आरपार गेला की मान हलवायचा, मग काईल उतरायची आणि वाफाळती हळद आम्ही पसरायचो. त्याला स्वतःहून बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हाच. म्हणाला, दवाखान्यात बाकीचे वास सगळे आठवायचे, हळदीचा तेवढा यायचा नाही. डोळे मिटून बसलो तरी यायचा नाही. एवढं बोलून तो पुन्हा गोणपाटं भिजवायला वळला.

तो वास मी कसा सांगू? ओल्या मातीचा, कापराचा आणि काहीतरी कडवट असा तो वास वाफेबरोबर सगळ्या शिवारावर पसरायचा. दुपारी वाफ इतकी दाट व्हायची की माणसं कमरेपासून वर तेवढीच दिसायची. सगळं पिवळट. हात पिवळे, पदर पिवळा, उन्हातसुद्धा पिवळेपणा उतरलेला. पलीकडे कुठेतरी कोकीळ, जाळाचा एकसुरी फुरफुर आवाज. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत संथ दिवस. कोर्ट, एस.टी., औंढ्याची गल्ली सगळं कुणा दुसऱ्या बाईचं होतं. मला वाटायचं, मी लहान आहे आणि ताप उतरल्यावर अंथरुणात पडून घरातले आवाज ऐकते आहे.

माझ्याकडे एकच काम दिलेलं होतं. वाळलेला पाला दूर, लिंबाखाली रचलेला होता. तिथून एकेक कवळा, कवेत मावेल एवढाच, आणून नायकाला द्यायचा. जास्त आणायचा नाही, जवळ साठवायचा नाही, हे त्यानं पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून संस्थेच्या बाई आल्या. काम पाहून अहवाल द्यायचा होता. सुती साडी, खांद्याला झोळी, बोलायला साध्या. वसमतहून रिक्षा करून आल्या होत्या. चुलवणाजवळ आल्या आणि त्यांची पावलं मंदावली. फाईल त्यांनी वाचलेली होती. त्यांनी जाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग वही काढली. काका घाईघाईनं त्यांना समजावू लागले की जाळ नायक बघतो, हा फक्त हळद बघतो. बाई ऐकत होत्या, पण लिहीतही होत्या. काय लिहीत असतील ते कळण्यासारखं होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर काईल गेली असती, आणि कोर्टाला तसं कळवलं असतं तर आमची ती हमी कोण धरणार होतं? त्याच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं होतं. तरी तो काईलीशी उभा राहिला.

वारा फिरला तो दुपारी. मला आधी फक्त लोकांचा आवाज ऐकू आला, मग धूर दिसला. चुलवणाच्या कडेला पाल्याचा ढीग होता आणि तो पेटला होता. जाळ एका झपाट्यात डोक्याइतका उंच झाला. पलीकडे वाळत घातलेली हळद, तिच्यापलीकडे नायकाची झोपडी. मी पाहिलं, तो त्या ढिगाकडे धावत होता.

पुढचं मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी झेप घातली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. काकांनी मागून त्याचे खांदे धरले. शिंपी पुढे आडवे झाले. आम्ही त्याचे मित्र. कोर्टात तसं लिहून दिलेलं. तो काहीतरी म्हणत होता, ऐकू येत नव्हतं. झटापट त्यानं केलीच नाही. आम्ही धरल्यावर तो धरल्यासारखा उभा राहिला.

आग विझवली ती भावजयीनं. बांधावरून ती कधी उतरली ते कुणी पाहिलं नाही. काईलीवरचं ओलं गोणपाट तिनं दोन्ही हातांनी खेचून काढलं आणि ढिगावर आदळायला लागली. एकदा, दोनदा, वाकून, पुन्हा. नायक दुसरं गोणपाट घेऊन आला. दोघांनी बडवून बडवून ढीग काळा केला. तिच्या ओढणीचं एक टोक जळालं होतं. ती धापा टाकत तिथेच उभी राहिली.

पुण्याच्या बाईंनी विचारलं, आवाज शांत ठेवून विचारलं, की ही आग कुणी लावली? आम्ही सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं, हे त्यांनाही दिसलं असेल.

त्यानं खाली मान घातली.

"मीच असन," तो म्हणाला. "मला आठवत न्हाई. मागच्या टायमाला बी आठवत नव्हतं. मीच लावली असन."

मी कोर्टात कितीतरी कबुल्या टाइप केल्या आहेत. इतकी सरळ आणि इतकी खोटी कबुली मी कधी ऐकली नाही, आणि तेव्हा मला ती खरीच वाटली.

"न्हाई," भावजय म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "त्यानं न्हाई लावली. तीन दिस झाले, म्या त्याच्यावरून डोळा हालवला न्हाई. कदी काय करतो तेच बघून राहिले. चुलीला त्यानं बोट बी लावलं न्हाई." मग तिनं माझ्याकडे हात केला. "ह्या बाईनं पाला आनून चुलीपाशी ढीग केला. धा कवळे आनले. आन् तितंच आभाळाकडं बघत बसली."

मला आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, अंगातून वर आलं. सारख्या खेपा कशाला, असं मनात येऊन मी एकामागून एक कवळे आणले होते, पाय चालत होते, आणि मी त्या पिवळ्या उन्हात कुठल्या कुठे होते. नायकानं दोनदा सांगितलेलं. मी मान डोलावलेली. तरीही माझ्याच हातांनी.

मी म्हणाले, हो, मीच आणला. आवाज मोठा काढायचा होता, तो निघाला नाही. मग पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि पुण्याच्या बाईंना म्हणाले, हे लिहून घ्या. कोर्टात त्या निकालावर त्याचं नाव टाइप करताना मला काही झालं नव्हतं. आता मला रडू येत होतं आणि ते मी थोपवलं, कारण रडायचा हक्क तिथे माझा नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं आणि वही मिटून झोळीत टाकली.

नायक जळक्या ढिगाजवळ उभा होता. त्यानं तिला विचारलं, इतक्या लोकांसमोर विचारलं, की मग काय म्हणतीस?

ती ओढणीचं जळकं टोक बोटांनी चुरत राहिली.

"माफी न्हाई दिली म्या," ती म्हणाली. "ती मागू बी नगा. पर खोटं बी बोलनार न्हाई. म्हातारी त्याच्या नावानं उंबऱ्यात बसून राहिली आठ वर्सं. जाऊ द्या त्याला मायपाशी." आणि त्याच्याकडे न बघता, त्यालाच, "माझ्या दारावरून जाऊ नको. वरच्या वाटेनं जा."

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, कारण तो काईलीकडे वळला होता. एक गोणपाट काढल्यानं एका बाजूनं वाफ मोकळी सुटली होती आणि वास बदलला होता. मलाही तो बदललेला कळला. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच हळू आवाजात, मला ओशाळं वाटू नये म्हणून आणखी हळू करून तो म्हणाला:

"बाई, हात सोडता का? हीर टोचून बघाया लागंल. हळद उतू लागली."

मी खाली पाहिलं. त्याचं मनगट अजून माझ्या दोन्ही हातांत होतं, घट्ट, आणि माझी बोटं पांढरी पडली होती. मी हात सोडला.